वाढत्या वयाच्या मुलासाठी कॅम्पिंगचा हॅमॉक घरी शिवताना : मापापासून टांगण्यापर्यंत

मुलासाठी घरी शिवलेला हॅमॉक (दोन झाडांमध्ये टांगायची कापडी झोळी) बिघडतो तो बहुतेक वेळा मापात. काही जण मुलाच्या आजच्या उंचीहून जेमतेम हातभर लांब कापड कापतात. मग मूल त्यात कमानीसारखे वाकून, गुडघे ताठ ताणून पडते आणि तासाभरात उठून बसते. काही जण मोठ्या माणसाच्या मापाचा हॅमॉक शिवून ‘वाढत्या अंगाचा’ म्हणून मुलाच्या हाती देतात. त्यात मूल तळाशी बुडते, दोन्ही काठ त्याच्या तोंडावर मिटतात आणि त्याला स्वतःहून बाहेर पडता येत नाही. यावरचा उपाय असा, की कापड पुढच्या काही वर्षांच्या मापाने एकदाच कापावे, पण टोके आज आत घेऊन बांधावीत आणि मूल उंच होईल तशी ती सोडत जावे.

ही पद्धत साधारण पाच ते बारा वर्षे वयाच्या आणि ११० ते १६० सेंटिमीटर उंचीच्या मुलांसाठी आहे. त्याहून लहान मुलांसाठी ती वापरू नये. तान्ह्या बाळाला तर अशा हॅमॉकमध्ये कधीही झोपवू नये, कारण त्याची हनुवटी छातीवर टेकून श्वास अडू शकतो.

१. माप घेणे

पायात काही न घालता मुलाला भिंतीशी उभे करून उंची मोजावी. तिच्यात १२० सेंटिमीटर मिळवले, की हॅमॉकची आजची लांबी मिळते. ही लांबी एका बांधलेल्या टोकापासून दुसऱ्या बांधलेल्या टोकापर्यंत धरायची आहे. १२० सेंटिमीटर उंचीच्या मुलासाठी ती २४० सेंटिमीटर होते. हे वाढीव सव्वा मीटर अनेकांना उधळपट्टी वाटते आणि ते परस्पर निम्मे करतात. हॅमॉकमध्ये पाठ सरळ राहते ती मूल तिरके झोपले तरच, आणि तिरके झोपायला लांबी लागते. आखूड कापडात मूल मधल्या रेषेतच अडकते.

आता वाढीचा हिशेब. पाच वर्षांनंतर वयात येईपर्यंत मुले वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढतात. म्हणून ४० सेंटिमीटर शिल्लक ठेवली, तर हॅमॉक कित्येक वर्षे पुरतो. आपल्या उदाहरणात शिवून तयार झालेली पूर्ण लांबी २८० सेंटिमीटर होईल. दोन्ही टोकांच्या नेफ्यांसाठी प्रत्येकी ५ सेंटिमीटर धरले, तर कापायची लांबी २९० सेंटिमीटर.

रुंदीत मात्र अशी शिल्लक ठेवता येत नाही, कारण जास्तीची रुंदी लगेच मुलाच्या अंगावर मिटते. माझ्या मते तयार रुंदी १२० सेंटिमीटर ठेवावी आणि दोन्ही काठांच्या दुमडीसाठी ४ सेंटिमीटर धरून १२४ कापावी. मुलाची उंची दीडशेच्या पुढे गेल्यावर ती किंचित कमी वाटेल, पण सहा-सात वर्षांच्या मुलाला दीड मीटर रुंदीचे कापड देण्यापेक्षा ते बरे.

तपासणी : कात्री हातात घेण्यापूर्वी जमिनीवर २४० बाय १२० सेंटिमीटरचा आयत खडूने आखावा आणि मुलाला त्याच्या मध्यावर थोडे तिरके झोपवावे. डोके व पाय दोन्ही रेषांच्या आत आणि टोकांपासून अर्ध्या मीटरहून दूर असले, तर माप बरोबर आहे.

२. साहित्य निवडणे

हॅमॉक मुलाचा असला, तरी त्यात एखाद्या दिवशी मोठे माणूस बसणारच, हे गृहीत धरून सामान घ्यावे. मुलाच्या २५ किलोंचा हिशेब करून आणलेली दोरी त्या दिवशी दगा देते. टांगण्याची दोरी, पट्टे आणि कॅराबिनर (अडकवायची, झडपेची धातूची कडी) यांपैकी प्रत्येक वस्तूची तुटण्याची क्षमता किमान ५०० किलो असावी आणि ती वस्तूवर किंवा वेष्टनावर स्पष्ट लिहिलेली असावी. कॅराबिनरवर हा आकडा किलोन्यूटनमध्ये असतो. १ किलोन्यूटन म्हणजे सुमारे १०० किलो. किल्ल्या अडकवण्याचे शोभेचे कॅराबिनर दिसायला तसेच असतात, पण त्यांवर आकडा नसतो. ते घेऊ नयेत.

कापड विनालेपाचे रिपस्टॉप (फाट पुढे पसरू न देणाऱ्या विणीचे) नायलॉन किंवा पॉलिएस्टर, दर चौरस मीटरला ६० ते ७० ग्रॅम वजनाचे असावे. एवढ्या मापाच्या कापडाचे वजन पाव किलोच्या आतबाहेर भरते. तंबूचे जलरोधक कापड घेऊ नये. त्यातून हवा खेळत नाही आणि मूल रात्रभर घामाने भिजते. जाड सुती कापड मजबूत असते, पण ते जड असते, भिजले की लवकर वाळत नाही आणि ओलसर घडी करून ठेवले तर त्याला बुरशी लागते.

दोरा पॉलिएस्टरचा घ्यावा. सुती दोरा ओलाव्याने आणि उन्हाने कापडाच्या आधी कुजतो. शिलाई मशीनसाठी ८० क्रमांकाची नवीन, टोकदार सुई लागेल. याशिवाय टोकांच्या कड्यांसाठी ६ मिलिमीटर जाडीची गिर्यारोहणातील ॲक्सेसरी कॉर्ड, बांधणीसाठी ३ मिलिमीटर जाडीची न ताणणारी दोरी, वरच्या ताणदोरीसाठी (टप्पा ६) तेवढ्याच जाडीची पण ३०० किलोंहून अधिक क्षमतेची डायनिमाची (अतिशय मजबूत कृत्रिम धाग्याची) दोरी, दोन कॅराबिनर आणि झाडाला बांधायचे दोन पट्टे आणावेत. पट्टे पॉलिएस्टरचे, किमान अडीच सेंटिमीटर रुंद आणि ठिकठिकाणी शिवलेले फाशे असलेले, तयारच घ्यावेत. घरच्या मशीनवर शिवलेल्या पट्ट्यावर मी मुलाला टांगणार नाही. नायलॉनचा पट्टा भाराखाली ताणला जातो, त्यामुळे रात्री नीट टांगलेला हॅमॉक पहाटे जमिनीला टेकतो.

इशारा : जाळीदार विणीचे हॅमॉक मुलांसाठी वापरू नयेत. १९९६ साली अमेरिकेतील ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने टोकांना आडव्या दांड्या नसलेले छोटे जाळीचे हॅमॉक मोठ्या संख्येने परत मागवले होते, कारण त्यांत पीळ बसून मुलांचे गळे आवळले गेले होते. सलग कापडाने हा धोका कमी होतो. तो संपत मात्र नाही, म्हणून देखरेख सुटत नाही.

३. कापणे

कापड घडीतून काढून काही तास सपाट पसरून ठेवावे. लांब बाजू कापडाच्या मूळ किनारीला समांतर असली पाहिजे. कापड वाचवण्यासाठी काही जण ती आडवी किंवा तिरपी घेतात. असे कापड भाराखाली एका बाजूला अधिक ताणले जाते आणि हॅमॉक कायमचा तिरका लोंबतो.

आयत आखून झाल्यावर त्याचे दोन्ही कर्ण मोजावेत. त्यांत एका सेंटिमीटरहून अधिक फरक असेल, तर कोपरे काटकोनात नाहीत आणि पुन्हा आखावे लागेल. टाचण्या वापरू नयेत, कापडाचे चिमटे वापरावेत, कारण या कापडाला पडलेले भोक बुजत नाही. कापलेल्या कडेचे दोरे सुटू नयेत म्हणून ती मेणबत्तीवर फिरवण्याची आवश्यकता नाही. दुहेरी दुमडीत ती आपोआप झाकली जाते. वितळलेले नायलॉन बोटाला चिकटले, तर त्वचेसकट निघते.

उरलेल्या पट्टीचा हातभर तुकडा बाजूला ठेवावा.

४. शिवणे

क्रम : आधी लांब काठ, नंतर टोकांचे नेफे. उलट केले, तर काठाच्या दुमडीखाली नेफ्याची तोंडे शिवली जातात आणि त्यांतून दोरी जात नाही. ही चूक इतकी सर्रास होते, की कापडावर खडूने १ आणि २ असे लिहून ठेवण्यात काहीच कमीपणा नाही.

बाजूला ठेवलेला तुकडा चार पदरी दुमडून त्यावर आधी शिवून पाहावे. टाक्याची लांबी ३ मिलिमीटर ठेवावी. बारीक टाके म्हणजे पक्की शिवण, हा समज येथे उलटतो. जवळजवळ पडलेली भोके ताणाच्या आड एक रेघ तयार करतात आणि कापड नेमके तिथूनच फाटते. खालचा दोरा गाठाळत असेल किंवा कापड आक्रसत असेल, तर दोऱ्याचा ताण जुळवून पुन्हा नमुना शिवावा.

लांब काठ एकदा १ सेंटिमीटर, पुन्हा १ सेंटिमीटर असा दुमडून एका सरळ शिवणीने बसवावा. कापड मशीनखाली ओढू नये. मागून आणि पुढून हलकेच धरून सरकू द्यावे.

टोकांना आधी १ आणि मग ४ सेंटिमीटर दुमड घालून नेफा तयार करावा. त्याच्या आतल्या कडेला, एकमेकींपासून ४ मिलिमीटर अंतरावर, तीन समांतर शिवणी माराव्यात आणि प्रत्येक शिवण दोन्ही टोकांना २ सेंटिमीटर उलट फिरवून पक्की करावी. नेफ्याची दोन्ही तोंडे उघडी राहिली पाहिजेत.

तपासणी : नेफा दोन्ही हातांनी धरून जोरात ताणावा. टाक्यांची भोके लांबट होत असतील, तर टाके फार जवळ आहेत किंवा सुई जाड आहे. ती शिवण उसवून त्याच जागी पुन्हा शिवू नये. टोक शिवणीच्या पलीकडून कापून टाकावे आणि नवा नेफा करावा. यात सुमारे ९ सेंटिमीटर लांबी जाते. ती जाऊ द्यावी.

५. टोके आत घेऊन बांधणे

सगळ्या युक्तीचे मर्म या टप्प्यात आहे, म्हणून येथे घाई करू नये. लांबी कमी करण्यासाठी टोक मोठे दुमडून आडवी शिवण मारावी आणि पुढे ती उसवावी, असा विचार सहज मनात येतो. पण उसवल्यानंतर त्या भोकांची आडवी रांग थेट भार घेणाऱ्या कापडात उरते. म्हणून आत घेण्याचे काम दोरीच्या बांधणीने करायचे, सुईने नाही.

प्रत्येक टोकापासून आत १०, १५ आणि २० सेंटिमीटरवर कापडाच्या पेनने आडव्या रेषा आखाव्यात. आज २० सेंटिमीटरच्या रेषेवर बांधायचे आहे; दोन्ही टोके मिळून ४० सेंटिमीटर कमी होतील आणि लांबी २४० वर येईल.

बांधणी पुढीलप्रमाणे करावी.

१) रेषेवर कापडाच्या ४ सेंटिमीटर रुंदीच्या निऱ्या घालाव्यात. १२० सेंटिमीटर रुंदीत तीस निऱ्या बसतात. दोन्ही काठ बाहेरच्या बाजूंना राहतील असे पाहावे आणि निऱ्या चिमट्याने धराव्यात.

२) रेषेबाहेरचे २० सेंटिमीटरचे शेपूट मध्यावर दुमडून आत आणावे, म्हणजे जाड नेफा बरोबर रेषेपाशी येऊन बसतो.

३) ३ मिलिमीटरच्या दोरीचे आठ ते दहा वेढे नेफ्यावरून अतिशय घट्ट आवळावेत आणि सपाट गाठ मारावी. बांधणीखाली नेफा सापडला नसेल, तर ती भाराखाली घसरते.

४) ६ मिलिमीटरची दोरी सुमारे १ मीटर घेऊन तिची दोन टोके दुहेरी गाठीने जोडावीत. प्रत्येक टोकाने दुसऱ्या दोरीभोवती दोन वेढे घेऊन त्या वेढ्यांतून बाहेर यावे आणि मग दोन्ही गाठी एकमेकींवर ओढून घ्याव्यात. गाठीबाहेर प्रत्येक बाजूला किमान ६ सेंटिमीटर शेपटी ठेवावी.

५) तयार झालेले दोरीचे कडे कापडाभोवती घालून त्याचे एक टोक दुसऱ्यातून ओवून ओढावे. हे कडे बांधणीच्या आतल्या, म्हणजे मूल झोपेल त्या बाजूला बसले पाहिजे. ते बाहेरच्या बाजूला बसवले, तर भार येताच दुमडलेल्या शेपटावरून निसटेल.

इशारा : दोन्ही टोके एकाच रेषेवर बांधली आहेत ना, हे मोजून पाहावे. एक टोक २० वर आणि दुसरे १५ वर असले, तर मूल रात्रभर एका बाजूला घसरत राहते आणि दोष कशात आहे ते कळत नाही.

बांधणीच्या आतल्या कडेला लागून कापडावर पेनने एक बारीक खूण करावी. भार दिल्यावर बांधणी त्या खुणेपासून हलली, तर ती सैल आहे.

६. वरची ताणदोरी

दोन कड्यांच्या मध्ये हॅमॉकच्या वरून एक दोरी ताणलेली असली, म्हणजे झाडे कितीही अंतरावर असली तरी हॅमॉकचा झोळ सारखाच राहतो. तिची लांबी हॅमॉकच्या आजच्या लांबीच्या ८३ टक्के ठेवावी : २४० साठी २००, पुढे २८० साठी सुमारे २३२ सेंटिमीटर. सुरुवातीलाच २३२ ची दोरी घेऊन जास्तीचा भाग गुंडाळून, घट्ट बांधून ठेवावा. मूल झोपलेले असताना दोन बोटांनी दाबल्यास दोरी थोडी वाकली पाहिजे. ती तारेसारखी ताठ असेल, तर पट्टे फार ओढले आहेत.

या दोरीला खेळणी, दिवा किंवा लोंबणारा फास बांधू नये. तिचे मोकळे टोकही मुलाच्या बाजूला लटकता कामा नये.

७. टांगणे

झाड जिवंत, किमान १५ सेंटिमीटर व्यासाचे आणि हाताने ढकलून न हलणारे असावे. वर पाहावे, सुकलेली फांदी असेल, तर ती जागा सोडावी. विटांचे खांब, कुंपणाचे दांडे आणि गच्चीचे कठडे दिसायला भक्कम असले, तरी आडवा ओढ सोसण्यासाठी बांधलेले नसतात.

पट्टा आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करील असा बांधावा. हा कोन मोजायला उपकरण लागत नाही : १ मीटर पट्ट्यामागे दोन टोकांच्या उंचीत अर्धा मीटर फरक असला, की झाले. हॅमॉक जितका ताणून सपाट कराल तितका ओढ वाढतो, ही गोष्ट पुष्कळांना पटत नाही, म्हणून आकडेच देतो. आतल्या माणसाचे वजन ४० किलो धरल्यास, ३० अंशांवर प्रत्येक पट्ट्यावर ४० किलोंचा ओढ येतो. १५ अंशांवर सुमारे ७७. आणि ५ अंशांवर तब्बल २३० किलो. मूल उड्या मारू लागले, की हे आकडे आणखी चढतात.

उदाहरण म्हणून झाडांमधले अंतर साडेतीन मीटर घेऊ. ताणदोरी २ मीटर असल्याने प्रत्येक बाजूला ७५ सेंटिमीटर उरतात आणि ३० अंशांच्या कोनासाठी पट्टा तेवढ्या अंतरात सुमारे ४३ सेंटिमीटर चढतो. झोळ साधारण ६० सेंटिमीटर असतो. मूल झोपल्यावर तळ जमिनीपासून ३५ सेंटिमीटरवर राहायला हवा असेल, तर पट्टा झाडावर १४० सेंटिमीटरच्या आसपास बांधावा लागतो. पायांकडचा पट्टा त्याहून १५ ते २० सेंटिमीटर वर घ्यावा, म्हणजे मूल पायांकडे घसरत नाही.

तपासणी : मूल मध्यभागी आडवे बसल्यावर त्याची दोन्ही पावले जमिनीला टेकली पाहिजेत. खाली आणि सभोवती दोन मीटरपर्यंत दगड, मुळे, तंबूच्या खुंट्या किंवा चूल नसावी.

८. भार देऊन पाहणे

मुलाला बसवून ‘चाचणी’ घेऊ नये. प्रथम पाण्याचे कॅन ठेवावेत. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो, त्यामुळे हिशेब सोपा असतो. हॅमॉक जमिनीपासून वीतभर उंचीवर ठेवून मुलाच्या वजनाच्या दुप्पट भार रात्रभर राहू द्यावा. सकाळी बांधणीची खूण, नेफा, कड्यांच्या गाठी आणि पट्ट्यांची शिवण या चारही जागा पाहाव्यात. नायलॉन पहिल्यांदा थोडे ताणणारच. त्याचा दोष मानू नये. बांधणी हलली असेल, तर मात्र ती पूर्ण सोडून पुन्हा आवळावी. वरून आणखी चार वेढे देऊन भागत नाही.

यानंतर मोठ्या माणसाने सावकाश बसावे, आणि शेवटी मुलाने.

९. मुलाला आत-बाहेर करायला शिकवणे

हॅमॉककडे पाठ करून उभे राहावे, मागचा काठ एका हाताने आपल्या मागे पसरावा, मध्यभागी बसावे आणि मग डोके व पाय एकाच वेळी वर घेऊन तिरके व्हावे. गुडघा टेकवून चढणे, उभे राहणे आणि दोघांनी झोके घेणे यांना पहिल्या दिवसापासून मनाई असावी. तिरके झोपण्याची बाजू मुलाला निवडू द्यावी. काहींना डोके डावीकडे बरे वाटते, काहींना उजवीकडे.

मूल दिवसाउजेडी सांगितल्याबरोबर, कोणाचाही हात न धरता बाहेर येऊ शकले, तरच त्याला रात्री त्यात झोपू द्यावे, आणि तेही मोठे माणूस हाताच्या अंतरावर असताना. हॅमॉकमध्ये थंडी खालून लागते. अंगाखाली दबलेल्या स्लीपिंग बॅगची ऊब जाते, म्हणून खाली फोमची पातळ चटई घालावी.

१०. मूल वाढल्यावर सोडणे

उंची १० सेंटिमीटरने वाढली, की दोन्ही टोकांच्या बांधण्या सोडून पुढच्या रेषेवर घ्याव्यात. २० वरून १५ वर आणल्यावर लांबी २५० होते, १० वर २६०. शेवटची उडी मोठी आहे : तेव्हा बांधणी पूर्ण काढून ६ मिलिमीटरची दोरी थेट नेफ्यातून ओवायची आणि तिची टोके त्याच दुहेरी गाठीने जोडून कडे करायचे, म्हणजे पूर्ण २८० सेंटिमीटर मिळतात. ती १५० सेंटिमीटर उंचीलाही चालते, कारण एवढ्या वयाचे मूल थोडे जास्तीचे कापड सांभाळू शकते. प्रत्येक वेळी ताणदोरी ८३ टक्क्यांच्या हिशेबाने लांबवावी आणि पाण्याच्या कॅनची चाचणी पुन्हा घ्यावी. ताणदोरी लांबवायचे विसरले, तर हॅमॉकचा झोळ खोल होतो आणि मूल पुन्हा तळाशी बुडते.

बांधणी सोडलेली असतानाच तिच्याखाली दबलेले कापड उजेडासमोर धरून पाहावे. त्यात विरलेले धागे, चकाकी गेलेले फिकट पट्टे किंवा कापडाच्या अंगात भोक दिसले, तर ठिगळ लावू नये. कापड बदलावे आणि पट्टे, कॅराबिनर तेवढे नव्या हॅमॉकला घ्यावेत. ऊन नायलॉनला कमकुवत करते, त्यामुळे वापर नसताना हॅमॉक अंगणात टांगून न ठेवता पूर्ण वाळवून पिशवीत ठेवावा.